कोरड्या साली घेतलेलं माळवद

वैशाख लागला की आमच्या नेवाशाच्या गल्लीतनं गाढवं जायला लागतात. पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या आणि गोण्यांत पांढरी माती, गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरनं उकरून आणलेली. मृग तोंडावर आला की ज्याला त्याला घरावर माती टाकायची घाई. घरं आमची माळवदाची. खाली लाकडाच्या तुळया, तुळयांवर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, किलचांवर पाला आणि पाल्यावर हातभर ही माती. वर सपाट. मिरच्या वाळवा, पापड घाला, उन्हाळ्यात झोपा. माती चांगली असली तर घर कोरडं. माती खोटी असली तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसा.

"माती खोटी" हा आमच्या आईचा शब्द. मी नगरहून सुट्टीला घरी आलोय. काल सकाळी बघतो तर आई दारात उभी राहून गाढववाल्याची तपासणी घेतेय.

"वरची हाय का खालची?"

"खालची हाय बाई. निव्वळ खालची."

"मंग ह्ये गवताचं मूळ कुठनं आलं?"

गाढववाल्यानं गाढवाकडं बघितलं, जसं काही तेच आता खुलासा करणार होतं. आईनं चिमूटभर माती उचलली आणि जिभेच्या टोकावर ठेवली. ही माती खारट लागली पाहिजे. खारट मातीवर गवत उगवत नाही, गवत नाही तर मुळं नाहीत, मुळं नाहीत तर पाण्याला वाट नाही. आईनं तोंड वाकडं केलं, "आळनी हाय" म्हणाली आणि दार लोटून घेतलं. गाढववाला मला म्हणाला, "तुझी आई पोलिसात हाय का रं?"

पोलिसात नाही. पण बहात्तर साली आम्ही घर घेतलं आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणीच सरळ डोळ्यांनी बघत नाही.

ते सालच तसलं होतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापली की कडेनं फाटायची आणि खाल्ली की पोट संशय घ्यायचं. कुणी म्हणायचं परदेशात हे जनावरं खातात. कुणी म्हणायचं जनावरंसुद्धा आधी वास घेतात. टँकर आला की लोक हंडे ठेवायच्या आधी टाकीवर थाप मारून बघायचे, आत पाणी आहे का नुसता आवाज. प्रवरेत वाळू उकरून झिरे केले होते, त्यात वाटीवाटीनं पाणी जमायचं आणि प्रत्येक बाईला वाटायचं की आपली पाठ वळली की शेजारीण आपल्या झिऱ्यातली वाटी मारते. ढगांवर तर कुणाचाच विश्वास राहिला नव्हता. ढग यायचे, दोन दिवस डोक्यावर थांबायचे, वरनं सगळं न्याहाळायचे आणि निघून जायचे. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक जातं ना, "कळवतो" म्हणून, तसे.

आणि आमचे अप्पा एस.टी.त कंडक्टर. लोक त्या साली संशय घ्यायला शिकले, अप्पांना आधीपासनं त्याचा पगार होता.

अप्पांची नक्कल मी आठवीपासनं करतो. बॅगेच्या वजनानं डावा खांदा खाली गेलेला, एका हातात पंच, तो उगाचच कट-कट वाजवत राहायचा, आणि नजर कधी माणसाच्या तोंडाकडं नाही, हाताकडं. "हात बघावा," ते सांगायचे. "तिकीट काढनाराचा हात खिशाकं जातो. न काढनाराचा खिडकीकं." मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई दिसली की अप्पा खूश.

"पोरगं केवढं?"

"तीनचं बी न्हाई भाऊ अजून."

मग अप्पा पोराकडं वाकायचे, आवाज एकदम साखरेचा. "बाळ, पाढा येतो का रं?" पोरगं बिचारं खुशीत येऊन "बे एके बे" सुरू करायचं. बे पंचे दहापर्यंत जायच्या आत अप्पांनी अर्धं तिकीट फाडलेलं असायचं.

असा माणूस घर घ्यायला निघाला.

घ्यायलाच लागलं. ज्यांच्याकडं भाड्यानं राहायचो त्या मालकांनी खोल्या मोकळ्या करायला सांगितल्या. कारण दिलं, पुतण्याचं लग्न आहे. दुष्काळात लग्न? अप्पांनी तिथंच पंच वाजवला. पुढं लग्न खरंच झालं, आम्हाला बोलावणंसुद्धा आलं, पंगतीला मिलोच्या भाकरी होत्या. जेवून येताना अप्पा म्हणाले, "आपल्याला खोटं पाडायसाठी केलं."

घर घ्यावं का न घ्यावं यावर आई आणि अप्पांचं चूल पेटल्यापासनं विझेपर्यंत चालायचं. अप्पांचं म्हणणं, पैसा ठेवून काय होतंय. साखर बघ, रॉकेल बघ, आज हे आहे ते उद्या नाही. फंडातलं काढू, गाठीचं घालू, होतं नव्हतं सगळं लावू. "घर तरी जाग्यावर राहतं."

आई भाकरी उलटत म्हणायची, "माळवद बसलं म्हंजी ते बी जाग्यावरच बसतं."

बसलं म्हणजे कोसळलं. माळवद पडतं तेव्हा लोक "पडलं" म्हणत नाहीत, "बसलं" म्हणतात, जसं काही दमलं म्हणून टेकलं. मागं एका पावसाळ्यात खालच्या आळीत एक बसलं होतं. माती भिजून जड झाली, तुळई आतनं पोकळ होती, आणि भर दुपारी सगळं खाली. माणसं अंगणात होती म्हणून राहिली. तेव्हापासनं आई कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची, मग पाट घ्यायची.

तर त्या साली किसनरावांचं घर विकायला निघालं. चार खणांचं, दगडी जोतं, पुढं अंगण, अंगणात आड. किसनराव दूधवाले. त्यांच्या तीन म्हशी गावात प्रसिद्ध होत्या, कारण त्या त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू द्यायच्या नाहीत, आणि किसनराव बायकोपेक्षा म्हशींशी जास्त बोलायचे. चारा नाही, पाणी नाही, म्हणून ते म्हशी घेऊन सासुरवाडीला, पुणतांब्याला निघाले होते. तिकडं पाटाला थोडं का होईना पाणी, उसाचं वाढं. किंमत बरीच कमी सांगत होते.

एवढं साधं कारण. म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना.

"म्हशीपायी कुनी घर इकतं का?" अप्पा म्हणाले.

शेजारच्या ठकूकाकीला आईनं विचारलं, घर कसंय, काही आहे का त्यात. ठकूकाकीनं पदर तोंडाला लावला, किसनरावांच्या दाराकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मला काय म्हाईत बाई." ह्या चार शब्दांत जेवढी भुतं, भांडणं आणि भगदाडं मावतात तेवढी सगळी आई त्या दिवशी घरी घेऊन आली. ठकूकाकीचा तो श्वास मी अजून करून दाखवतो. होस्टेलवर पोरं पैसे देऊन बघतील असा जमतो.

घर बघायला आम्ही तिघं गेलो. अप्पा युनिफॉर्मवर. मला वाटतं मुद्दाम. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, "घर केवढं?"

"चार खनाचं."

"वय इचारतोय."

"माझ्या आधीपासनंच हाय की," किसनराव म्हणाले. "मी बी इकतच घेतलंय."

अप्पांनी तुळयांना टिचक्या मारल्या. भिंतीला कान लावला. आडात खडा टाकला, तो खडकावर वाजला. आईनं कोपऱ्यांत जाऊन नाकानं हुंगलं. मी शिडीनं वर चढलो, अप्पा मागनं आले. वर बघतो तर माळवदावर नवीकोरी पांढरी माती. सगळीकडं सारखी पसरलेली, डोळ्यांवर येईल अशी पांढरी. गावात त्या साली कुणीही माळवदावर माती टाकली नव्हती. कशाला टाकतील? पाऊस कुठं होता? लोक पोट भरायला रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते.

अप्पांच्या हातात पंच नव्हता, तरी बोटं कट-कट हलली.

"किसनराव, माती कधी टाकली?"

"परवा."

"घर इकायचंय, आन माती टाकली?"

"वैशाखात माती टाकायची, रीत हाय आपली."

"गळतं का?"

किसनरावांनी आभाळाकडं बघितलं. निळंशार, एक पिसाएवढा ढग नाही. ते म्हणाले, "कंडक्टर, पाऊस हाय का? पाऊस नसल्यावर गळंल कसं?"

ह्या उत्तराचा अप्पांना दोन दिवस ताप होता. उत्तर खोटं नव्हतं. खोट्या उत्तराशी अप्पांना दोन हात करता यायचे. अडचण खऱ्या उत्तराची. कोरड्या साली घर घ्यायचं म्हणजे भरल्या पोटी माणसाची भूक तपासण्यासारखं होतं. पाणी ओतून बघावं म्हटलं तर हंडाभर पाण्यासाठी बायका रांगेत भांडत होत्या, तिथं कंडक्टर घराच्या डोक्यावर पाणी ओततोय दिसलं असतं तर गावानं आम्हालाच आडात ढकललं असतं. आड कोरडा होता, लागलं असतं जास्त.

तिसऱ्या दिवशी दुपारी किसनराव म्हशी घेऊन चाऱ्याच्या शोधात गेलेले, त्यांची बायको पाण्याच्या रांगेत. अप्पांनी मला खुणावलं आणि खुरपं जुन्या धोतराच्या पिशवीत घालून आम्ही निघालो. आईला सांगितलं, रेशनला जातो. ऊन एवढं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून उभी होती. शिडीवरनं वर आल्यावर पहिली जी जागा लागते, मधल्या खोलीच्या डोक्यावरची, तिथंच अप्पा बसले आणि उकरायला लागले. नव्या मातीखाली जुनी माती. ती दगडासारखी घट्ट. त्याच्याखाली आणखी जुनी. अप्पा घामानं निथळत होते, माती उडून त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, एकदम म्हातारे दिसायला लागले.

"काय शोधताय अप्पा?"

"जे लपवलंय ते."

शेवटी पाला लागला. वाळून काळा झालेला, पण जुन्या पेटीतल्या कपड्यांसारखा वास अजून होता त्याला. पाल्याखाली किलच. अप्पांनी खुरप्याच्या मुठीनं ठोकलं. ठणठण. बोटानं चिप दाबली. घट्ट. वाळवी नाही, कुज नाही, काही नाही. मला हायसं वाटलं. अप्पांच्या तोंडावर मात्र बिनतिकीटवाला समजून धरावा आणि त्यानं पास काढून दाखवावा, तसं काहीतरी आलं. त्यांनी हातानं सगळी माती परत लोटली, चपलेनं दाबली, वर नवी माती सारखी केली, लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "आईला सांगायचं न्हाई."

आता मी नगरला स्लॅबच्या खोलीत राहतो. सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत, वर पांढरा रंग. रात्री पडल्या पडल्या मी त्याच्याकडं बघतो आणि मला त्याचा भरवसा येत नाही. त्याच्यात काय घातलंय हे घालणाऱ्यालाच माहीत. माळवदाचं बरं, शंका आली तर उकरता येतं. त्या दुपारी मला हा माळवदाचा गुण वाटला होता.

खरेदीखत झालं त्या दिवशी लिहिणाऱ्यानं एका दमात वाचून दाखवलं, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह. अप्पांनी घंटीची दोरी ओढावी तसा हात वर केला.

"जल कुठाय?"

"असं लिहायची पद्धत असते," लिहिणारा म्हणाला.

"आड कोरडा हाय. झाड एक न्हाई. गवताची काडी न्हाई."

किसनराव शांतपणे म्हणाले, "काष्ठ हाय, पाषान हाय. ते तरी घ्या."

आणि घर आमचं झालं. जाताना किसनरावांनी एकेका म्हशीला दाराशी उभं केलं, घर दाखवल्यासारखं, आणि निघाले. आईला ते बघून रडू आलं. अप्पा म्हणाले, "लई सोंगं करतो."

घर आपलं झालं की संशय कमी होईल असं मला वाटलं होतं. तो उलट आमच्यात राहायलाच आला. भाड्याच्या घरात भिंतीला तडा गेला तर तो मालकाचा असतो. इथला प्रत्येक तडा आमचा. तुळईखाली चिमूटभर भुसा पडला की अप्पा तो कागदावर घेऊन कालच्या भुशाशी ताडून बघायचे. खिळा ठोकायला बंदी. जोरात शिंकायलाही आई नको म्हणायची, वरनं माती पडते. पडायचीच. भाकरीवर, अंथरुणावर, माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर, बारीक पांढरी माती, दिवसभर, पीठ चाळल्यासारखी. सारवायला शेण नाही, कारण गावातली निम्मी गुरं छावणीत आणि निम्मी विकलेली. आई पाण्याचा हात फिरवायची, तोही जपून. जमीन भेगाळायची आणि त्या भेगांवर अप्पा रात्री डुलत्या कंदिलाच्या उजेडात बोट फिरवत बसायचे, हस्तरेषा बघितल्यासारखे. भाव चढत होते, फंडात काही उरलं नव्हतं, एस.टी.च्या फेऱ्या कमी होणार अशी बोलणी ऐकू यायची. डोक्यावर हे एवढं वजन आणि ते धरतंय का नाही हे आभाळाशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं.

पुढच्या वर्षी आभाळानं सांगितलं. पाऊस आला. त्याचं वर्णन मी करत नाही, शाळेत दर वर्षी निबंधात केलंय आणि दर वर्षी मोर नाचवलाय. आमच्याकडं मोर नाचला नाही. सगळं गाव बाहेर भिजत होतं आणि आम्ही तिघं आत, माना वर करून. अप्पा एका खोलीत, आई दुसऱ्या, मी मधल्या. पुढचा खण कोरडा. मागचा कोरडा. स्वयंपाकघर कोरडं. दुसऱ्या दिवशीच्या संततधारेत माझ्या कपाळावर काहीतरी टपकलं.

जिथं उकरलं होतं, बरोब्बर तिथं.

आईनं पातेलं आणून ठेवलं. टप. टप. चिपांवर ओल पसरली, थेंबाबरोबर गढूळ पांढरं पाणी उतरायला लागलं. मग आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "फसवलं त्या म्हशीवाल्यानं. मी म्हनत हुते. नवी माती टाकून मढवून इकलं. आता ह्ये फुगून बसलं म्हंजी पोराच्या अंगावर बसंल, तो तिकडं वाढं घालतोय म्हशींला." मधल्या खोलीतलं माझं अंथरूण तिनं ओढून दारात आणलं. त्या दिवसापासनं त्या खोलीत कुणी झोपलं नाही.

अप्पा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा समोर आयता गुन्हेगार आणि अप्पा त्याच्याबद्दल चकार शब्द बोलेनात.

"आहो, तुमी त्याला कायच कसं बोलत न्हाई?"

"बघू."

"निरोप तरी धाडा. पुनतांब्याच्या गाडीवर तुमची मानसं हायत की."

"धाडतो."

धाडला नाही, हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, पण तिला वास आला. अप्पा ड्युटीवर गेल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"दिन्या, तू समद्यांच्या नकला करतो ना?"

"करतो की."

"तुझे अप्पा गप बसतात त्याची करून दाखव."

बोलणाऱ्याची नक्कल कुणीही करील. गप्प बसणाऱ्याची कधी केली नव्हती, म्हणून मला चेव आला. खांदा पाडला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मिशीवरनं बोट फिरवलं, एकदा दाराकडं बघितलं, आणि मग अप्पा करतात तसं, अगदी नकळत, वर त्या ओल्या जागेकडं बघून पटकन खाली बघितलं. पाय हळूच चपलेत घातला आणि चप्पल जमिनीवर दाबली, दोनदा.

नक्कल फार चांगली वठली. आई बराच वेळ माझ्या चपलेकडं बघत राहिली. "कायतरी दाबलंय ह्यांनी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः स्टँडवर गेली आणि पुणतांब्याकडं जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडं किसनरावांना निरोप दिला, घर गळतंय, येऊन बघा.

किसनराव आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात खव्याचा पुडा. अप्पा घरीच होते, साप्ताहिक सुट्टी. किसनरावांना दारात बघून त्यांचा हात खिडकीकडं गेला.

आईनं पुडा घेतला नाही. पातेल्याकडं बोट दाखवलं. "तुमी म्हनले हुते गळत न्हाई."

"मी म्हनलो हुतो, पाऊस नसल्यावर गळत न्हाई," किसनराव म्हणाले. पण हसून नाही म्हणाले. वर बघत राहिले, मग विचारलं, "खोरं कुठाय?"

पाऊस उघडला होता. आडाच्या कठड्याजवळ पांढऱ्या मातीचा ढीग आणून ठेवलेला होता, आईनंच चाखून घेतलेला. किसनराव वर चढले, त्यांच्यामागं घमेलं घेऊन अप्पा. मी जायला लागलो तर अप्पा म्हणाले, "तू खालीच ऱ्हा." आईनं माझा दंड धरला आणि मधल्या खोलीत नेलं. पातेल्याशेजारी आम्ही दोघं उभे राहिलो, माना वर. डोक्यावर पावलं वाजली, थांबली. खोऱ्याचे घाव पडायला लागले. चिखलाचे गोळे बाजूला पडल्याचा आवाज. हळूहळू किलचांच्या फटींतनं उजेडाच्या रेघा आल्या. माती गेली होती, पाला गेला होता, आमच्यात आणि त्यांच्यात आता नुसत्या चिपा होत्या. आणि त्या फटींतनं पाण्याआधी बोलणं गळायला लागलं.

"किसनराव, एक सांगू का." अप्पांचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता. "तुमच्या मातीचा दोष न्हाई. घेतानी मी हितं उकरून बघितलं हुतं."

खोरं थांबलं. "कवा?"

"तुमी म्हशी घेऊन गेल्ते तवा."

"मंग? काय दिसलं?"

"काय न्हाई. समदं चांगलं हुतं."

वरनं एक ढेकूळ पातेल्यात पडलं. मग किसनराव म्हणाले, "मला बी चांगलंच दिसलं हुतं."

"तुमाला?"

"मी घेतानी. मी बी हितंच उकरलं. शिडी चढून वर आलं की हीच जागा पयली लागती ना. माझ्या आधीच्या मालकावर माझा लई संशय हुता. तवापास्नं हितं गळतंय कंडक्टर. धा येळा बुजवलं. मुरलेल्या मातीला सांधा बसत न्हाई नीट. म्हनून तर इकायच्या आधी वरनं नवी टाकली. म्हनलं तुमाला दिसू नये."

"म्हंजी तुमी लपवलं."

"व्हय. आन तुमी उकरलं."

आईचं बोट माझ्या दंडात रुतलं होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती रागावलेली नव्हती. गाढववाल्याची माती जिभेवर ठेवते तेव्हा असते तशी होती, चव घेत असल्यासारखी.

"आता तळापास्नं काढू," किसनराव म्हणाले. "कडंची बी हातभर सोडवू, म्हंजी सांधा राहनार न्हाई. पर कुनाला बोलू नका."

"कुनाला?"

"तुमच्या मंडळीला. म्हनंल दोघंबी सारखेच."

आईनं पदर खांद्यावर घेतला, मान वर केली आणि भाकरी वाढताना बोलते तितक्याच आवाजात म्हणाली, "च्या ठेवते. दोघंबी खाली या. येतानी नीट बुजवून या."

वर घाईघाईनं कडा सोडवल्याचे घाव पडले, पाला आणि माती पडली आणि उजेडाच्या रेघा बुजल्या. मग धप्प धप्प चोपायला सुरुवात झाली, चार पायांनी एकदम, एवढी जोरात की सगळ्या घराची माती आमच्या डोक्यावर उतरली. आई चहा टाकायला गेली. मी पातेलं उचलून न्यायला लागलो तर ती चुलीपासनंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच."